पुण्यात बाहेरगावाहून शिकायला येणारी मुलं: कॉलेज आणि विद्यापीठाची मदत वेळेवर कशी पोचेल?

मावळवारा

धागा काढण्याचं कारण सरळ आहे. नांदेड, बीड, नंदुरबार, गडचिरोलीकडून पुण्यात पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी कागदावर सोयी बऱ्याच आहेत. शिष्यवृत्ती, फीमाफी, राहण्या-जेवणाच्या खर्चाची स्वाधार योजना, कमवा व शिका (शिकता शिकता मानधनावर काम), परीक्षेला लेखनिक, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी. तरी दिवाळीला घरी गेलेली काही मुलं परत येत नाहीत. खोलीचं डिपॉझिट, मेस, फीचा पहिला हप्ता हे सगळं ऑगस्टमध्ये लागतं आणि सरकारी पैसे यायला बऱ्याचदा वर्षअखेर उजाडते. मधले महिने कोणी भरून काढायचे, यावर नीट बोलायला हवं.

इथे कॉलेज कार्यालयांत, वसतिगृहांत, परीक्षा विभागांत काम करणारे बरेच सभासद आहेत. कोणता कागद, कुठे, कधी, आणि कुठे अडतं, एवढंच लिहा. पालक आणि नवे प्राध्यापक दोघांनाही वापरता यावं.

टेबल_दोन

शिष्यवृत्तीपासून सुरुवात करतो.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरण्याआधी चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव, जातीच्या दाखल्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव. पोर्टल नाव आधारवरून उचलतं. आधारवर वडिलांचं नाव गळलेलं असेल किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर अर्ज कॉलेजच्या पातळीवरूनच परत येतो. दुरुस्ती करायचीच तर आधार दहावीप्रमाणे करून घ्या, उलटं नको. आणि हे जूनमध्येच करा. सप्टेंबरात आधार केंद्रावर अपॉइंटमेंट मिळवत बसलं की अर्जाची मुदत निघून जाते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. लोकसेवा हक्क कायद्यात त्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण निकालाच्या दिवसांत सेतू केंद्रावर झुंबड असते. मिळत असेल तर तीन वर्षांचाच घ्या. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो आणि नूतनीकरणाच्या वेळी सगळी धावपळ पुन्हा होते. नॉन क्रीमी लेयरलाही हेच लागू.

कोणाला काय मिळतं, थोडक्यात: अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. अनुसूचित जातीचा मुलगा त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, निर्वाह भत्ता नाही. खुल्या गटातल्या मुलांना ८ लाखांपर्यंत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, त्यात शुल्काचा निम्मा भाग आणि घरातल्या पहिल्या दोन अपत्यांपर्यंतच लाभ.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मोठा आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा चालत नाही, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. पुण्यात अशी विद्यापीठं खूप आहेत, जाहिराती त्याहून जास्त. "मुलींना शिक्षण मोफत" एवढंच ऐकून प्रवेश घेतला तर घरच्यांवर भलताच बोजा पडतो. प्रवेश पक्का करण्याआधी महाडीबीटीच्या यादीत ते कॉलेज आणि तोच अभ्यासक्रम दिसतो का, हे पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. डेव्हलपमेंट फी, प्रयोगशाळेचं डिपॉझिट, वसतिगृह यांतलं काही माफ होत नाही, हेही घरी आधी सांगा.

सुलभा_नगर

टेबल_दोन, उत्तम माहिती. एक शंका. पुतणीचा अर्ज मंजूर दिसतोय, खातं आधारला लिंक आहे असं बँक म्हणते, तरी पैसे नाहीत. असं का होतं?

टेबल_दोन

सुलभाताई, खात्याला आधार जोडलेलं असणं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते खातं असणं (सीडिंग) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात, आणि ज्या बँकेचं सीडिंग सगळ्यात शेवटी झालं त्या बँकेत जातात. मुलीने पुण्यात आल्यावर मोबाइलवरून दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेले असण्याची शक्यता आहे. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती 'ॲक्टिव्ह' दिसते. 'इनॲक्टिव्ह' असेल तर बँकेच्या शाखेत जाऊन सीडिंगचा संमतीअर्ज लेखी द्या.

दुसरं कारण खात्याचा प्रकार. केवायसी अर्धवट असलेल्या 'स्मॉल' खात्यात एका वर्षात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. इंजिनिअरिंगची फी त्या खात्यावर आली की व्यवहार परत जाऊ शकतो. शाळेत असताना उघडलेली खाती अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा केवायसी न केल्याने गोठलेली असतात, तोही एक प्रकार.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत राज्याचा ४० टक्के वाटा आधी सुटतो, मग केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते, ती मुलाने कॉलेजला भरायची असते. ही गोष्ट घरी कोणी समजावून सांगत नाही. पैसे आले, घरात दवाखाना निघाला, खर्च झाले, आणि मेमध्ये कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवतं. पैसे येण्याआधीच कॉलेजने प्रत्येक मुलाला एका कागदावर लिहून द्यावं: यातले इतके फीचे, इतके तुझे.

घाटमाथा

एक विचारू का? दरवर्षी मुदत तीन-तीनदा वाढते आणि तरी मुलं शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत रांग लावतात. यात सगळा दोष कार्यालयांचाच कसा?

रानजाई

घाटमाथा, मुलं थांबतात हे खरं, पण का थांबतात तेही पाहा. कॉलेजने पोर्टलवर त्या वर्षाची मंजूर फी आणि अभ्यासक्रम टाकलेला नसेल तर मुलाला यादीत स्वतःचा कोर्सच सापडत नाही. तो चार वेळा लॉगिन करून पाहतो आणि सोडून देतो. हे काम पूर्णपणे कॉलेजचं आहे आणि ते अर्ज सुरू होण्याआधी व्हायला हवं. दुसरं, कॅपच्या फेऱ्या लांबल्या की प्रवेशच सप्टेंबरात होतात.

अर्ज परत आला, म्हणजे 'सेंड बॅक' झाला, की सूचना मोबाइलवर येते. पुण्यात आल्यावर नंबर बदललेल्या मुलाला ती मिळतच नाही. ज्या कॉलेजात शिष्यवृत्तीचा कारकून दर सोमवारी परत आलेल्या अर्जांची यादी काढून त्या त्या वर्गप्रतिनिधीकडे देतो, तिथे अर्ज अडकून राहत नाहीत. यासाठी नवी योजना लागत नाही, एक माणूस आणि एक ठरलेला वार लागतो.

यादी मात्र फक्त रोल नंबरची असावी. नावापुढे प्रवर्ग लिहून ती नोटीस बोर्डावर लावणं, किंवा वर्गात "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हणणं, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या समता नियमांच्या विरुद्ध आहे. राखीव प्रवर्गाचा म्हणून शिक्का मारणं, वर्गात जात जाहीर करणं याला त्यात स्पष्ट मनाई आहे. त्याच नियमांनुसार प्रत्येक संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा असतो. त्यांचं नाव, खोली क्रमांक आणि भेटीची वेळ पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात पडली पाहिजे. संकेतस्थळाच्या तळाशी पीडीएफमध्ये ठेवून भागत नाही.

आता आदिवासी मुलांबद्दल. पुणे जिल्ह्यातल्या आदिवासी विभागाच्या योजनांचं प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यात घोडेगावला आहे. मुलं समाजकल्याणच्या विश्रांतवाडीच्या कार्यालयात फेऱ्या मारतात आणि तिथून त्यांना परत पाठवलं जातं. तिथलं सामाजिक न्याय भवन अनुसूचित जातीच्या मुलांसाठी. आदिवासी मुलांसाठी घोडेगाव. सरकारी वसतिगृहात जागा नसेल तर आदिवासी मुलांना पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आहे, ती स्वाधारसारखीच.

पेठेतला_पत्ता

स्वाधारचे आकडे लिहितो, कारण यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

योजना २०१६-१७ पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, असे एकूण ६०,००० रुपये. वैद्यकीय आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना साहित्यासाठी वर ५,०००, इतरांना २,०००. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून मिळणारा निर्वाह भत्ता यातून वजा होतो, त्यामुळे हातात ६०,००० पेक्षा कमी आले तर लगेच गोंधळून जाऊ नका. ओबीसी, भटक्या विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहे, पण तिथे जिल्ह्याला ६०० ही मर्यादा आहे, म्हणून गुण मोजले जातात.

अर्ज कुठे अडतो? आधी वसतिगृहासाठी अर्ज केलेला हवा. "जागा मिळणारच नाही" म्हणून तो न भरणारी मुलं स्वाधारलाही मुकतात. मग भाडेकरार. एका खोलीत चौघं राहतात आणि करार एकाच्याच नावावर असतो, बाकी तिघांकडे पुरावा नाही. करार करतानाच चारही नावं घालून घ्या. सदाशिव, नारायण पेठेतले बरेच घरमालक करार द्यायलाच तयार नसतात. तिथे कॉलेजने आपल्या लेटरहेडवर मालकांना पत्र दिलं, की हा कागद फक्त शासकीय योजनेसाठी आहे, तर अनेकदा काम होतं. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची: लाभ स्थानिक रहिवाशाला मिळत नाही. सिमकार्ड किंवा गॅससाठी आधारवरचा पत्ता पुण्याचा करून घेतला तर छाननीत तुम्ही स्थानिक ठरण्याचा धोका आहे. शिक्षण होईपर्यंत आधारवर गावचाच पत्ता ठेवा.

हजेरी ७५ टक्के लागते. कॉलेजने हजेरीचा दाखला सत्र संपल्यावर आठवड्याभरात दिला नाही तर पुढचा हप्ता तिथेच थांबतो. कॉलेजने हा दाखला मुलांनी मागायची वाट न पाहता छापून ठेवावा.

मावळवारा

आणि पैसे येईपर्यंत खायचं काय? मेसवाला दोन महिने थांबतो, तिसऱ्या महिन्यात नाही.

पेठेतला_पत्ता

यावर सरकारी उत्तर नाही, संस्थेला स्वतःच करावं लागतं. विद्यार्थी निधीतून बिनव्याजी उचल देण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. अर्ज मंजुरीची पावती पाहून महिन्याला ठरावीक रक्कम थेट मेसवाल्याला द्यायची आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर मुलाकडून परत घ्यायची. रोख हातात देऊ नये, आणि जामीन म्हणून मूळ गुणपत्रिका तर अजिबात ठेवून घेऊ नये. मूळ कागद कार्यालयात अडकले की मुलाला दुसरीकडे अर्जच करता येत नाही.

मेसचं कूपन मदतीचं आणि पैसे भरलेलं दिसायला एकसारखंच हवं. वेगळ्या रंगाचं कूपन काढलं की गरजू मुलं जेवायला येणंच बंद करतात. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद असतात, तेव्हा महिन्याचा हिशेब करताना त्या चार-पाच जेवणांचे पैसे वेगळे धरा.

शहरात जुनी उदाहरणं आहेत. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केली, ग्रामीण गरजू मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करत ती आजही चालू आहे. अशा ठिकाणचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात. कॉलेजचा प्रवेश पक्का होईपर्यंत थांबलात तर जागा संपलेल्या असतात.

टेबल_दोन

कमवा व शिका राहिलं. आपल्या पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते, विद्यार्थी विकास मंडळाकडून. कामाचे दिवसाला जास्तीत जास्त तीन तास, मानधन तासावर. पैसे उशिरा येण्याचं नेहमीचं कारण हजेरीपत्रक. विभागप्रमुखाची सही होऊन ते महिनाअखेर गेलं नाही तर देयक पुढच्या महिन्यावर जातं, आणि पंधरा मुलांपैकी एकाची सही राहिली तर सगळ्यांचंच अडतं. म्हणून सही रोजच्या रोज घ्या.

काम कोणतं द्यायचं यावर विचार व्हायला हवा. विज्ञान शाखेच्या मुलाला दुपारी प्रात्यक्षिकं असतात, त्याला ग्रंथालयाची संध्याकाळची पाळी द्या. सगळ्यांनाच बागेत गवत काढायला पाठवणं मला पटत नाही. श्रमाला कमीपणा आहे असं नाही, पण प्रयोगशाळेतली मांडणी, ग्रंथालयातली नोंदणी, कार्यालयातलं संगणकाचं काम केलं तर मुलाच्या हाताला पुढे उपयोगी पडणारं काहीतरी लागतं.

गणितवाला

पैशांइतकंच महत्त्वाचं वर्गाचं. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या सहा आठवड्यांत गप्प होतो, आणि एकदा गप्प झाला की वर्षभर प्रश्न विचारत नाही.

बहुतेक कॉलेजांत रेमेडियल वर्ग, म्हणजे कच्च्या विषयांचा जादा तास, संध्याकाळी पाचनंतर असतो. त्या वेळी मुलं कामावर जातात, किंवा हडपसर, भोसरीकडची बस पकडतात. वर्ग रिकामा राहतो आणि अहवालात 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं. तो वेळापत्रकातच, दोन तासिकांच्या मध्ये टाका. तुकडी वीस-पंचवीसची ठेवा. 'कमकुवत विद्यार्थी' असं नाव देऊ नका, सगळ्यांना खुला ठेवा. घटक ठरवताना आधी अर्ध्या तासाची चाचणी घ्या. अनेकदा कच्चा विषय कॅल्क्युलस नसतो, त्याआधीचे अपूर्णांक आणि बीजगणितातली रूपांतरं असतात.

इंग्रजीसाठी वेगळा संभाषणवर्ग लावण्यापेक्षा त्याच विषयाची जुनी प्रश्नपत्रिका घ्या. 'डिराइव्ह', 'स्टेट', 'जस्टिफाय' असं विचारलं तर उत्तरात काय अपेक्षित आहे, किती ओळी, आकृती हवी की नको, हे पाच प्रश्नांवर दाखवलं की मुलाची भीती बरीच उतरते. व्हायव्हाला मुलगा मराठीत उत्तर देत असेल तर देऊ द्या, संकल्पना तपासायची आहे. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलंच आहे की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्याला स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी. विषयवार परवानगी आहे का, ते परीक्षा अर्ज भरतानाच विचारा.

घाटमाथा

हे पटलं. वेळापत्रकाचा मुद्दा आमच्याकडे कोणी मांडलाच नव्हता. दिव्यांग मुलांच्या परीक्षेबद्दल कोणी लिहील का?

अक्षरस्पर्श

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. ४० टक्के दिव्यांगत्व आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं.

लेखनिकाबद्दल केंद्राने २९ ऑगस्ट २०१८ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. केंद्रप्रमुखाला हे माहीत नसतं म्हणून आदेशाची छापील प्रत मुलाने सोबत ठेवावी.

अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सीचे विद्यार्थी यांना मागितल्यावर लेखनिक द्यायचाच असतो. इतरांना हाताने लिहिण्यात अडचण आहे असं शल्यचिकित्सकाचं प्रमाणपत्र लागतं, पुण्यात त्यासाठी औंधचं जिल्हा रुग्णालय. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेलं तर मिळेलच असं नाही. परीक्षा अर्जाबरोबरच काढा. लेखनिक स्वतः आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं, नेमकं किती ते परीक्षा विभागाला विचारा. संस्थेने दिला तर पेपरच्या दोन दिवस आधी भेट करून द्यायची असते. वेगवेगळ्या पेपरला वेगळे लेखनिक चालतात, भाषेच्या पेपरला तर ते गरजेचंच ठरतं. गणिताच्या पेपरला गणित न शिकलेला लेखनिक आला की चिन्हं सांगण्यात वेळ जातो. म्हणून दोघांचा आधी तासभर सराव हवा: कंस, घात, मुळाची खूण कशी सांगायची ते ठरवून घ्या.

अभ्याससाहित्याची अडचण वेगळी आहे. मराठी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर नीट दिसतात, पण एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर त्या वाचताना निरर्थक अक्षरं बोलतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरं पान. प्राध्यापकांनी नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल दिली तर अर्धं काम होतं. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधल्या मजकुराचं संगणकाकडून टायपिंग, केलं तर जोडाक्षरं आणि रफार माणसाने एकदा तपासावे लागतात.

सुलभा_नगर

टेबल_दोन, सीडिंग दुसऱ्याच बँकेत निघालं. धन्यवाद. आता धाकट्याचं विचारते. अकरावी सायन्सला आहे, भटक्या जमातीचा दाखला आहे, घरी जमीन नाही. जात वैधतेचं, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं, कधी करायचं?

रानजाई

सुलभाताई, आत्ताच करा, बारावीची वाट पाहू नका. कनिष्ठ महाविद्यालयाकडून नमुना १५-अ चं पत्र घ्या, विद्यार्थ्याचा अर्ज नमुना १६ मध्ये, सोबत नमुना ३ आणि १७ ची शपथपत्रं. अर्ज ऑनलाइन भरून प्रत जिल्हा पडताळणी समितीकडे द्यायची. समिती जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून काढला त्या जिल्ह्याची, पुण्याची नव्हे.

पुरावा कोणत्या तारखेआधीचा हवा ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. जमीन नाही म्हणजे सातबारा नाही, मग आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा शोधा. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करून सापडू शकतं. कोणीच शाळेत गेलं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मागा. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडा.

वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल तर ते सगळ्यात भक्कम. त्याची प्रत आणि त्याच्याशी नातं दाखवणारी वंशावळ द्या. वंशावळीत एक जरी नाव गाळलं किंवा टोपणनावाने लिहिलं तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाऊ शकतं आणि मग महिने लागतात. मूळ नाव आणि घरातलं नाव दोन्ही लिहा, 'उर्फ' घालून.

सुलभा_नगर

सासऱ्यांचे चुलतभाऊ परभणीकडे होते, त्यांच्या नातवाकडे वैधता आहे असं कळलंय. ते नातं चालेल?

रानजाई

नातं वडिलांच्या बाजूचं आहे, म्हणजे चालायला हवं. वंशावळ दोन्ही शाखांच्या एकाच मूळ पुरुषापासून काढा, त्या नातवाचं शपथपत्र घ्या, आणि दोन्ही बाजूंचे निदान एकेक शाळेचे दाखले जोडा, म्हणजे नावांची साखळी कागदावर पुरी दिसेल.

मावळवारा

सगळ्यांचे आभार. कॉलेज कार्यालयांना देण्यासाठी यातल्या मुदतींचं महिनावार पत्रक करायला घेतोय: जूनमध्ये आधार आणि उत्पन्नाचा दाखला, निकालानंतर लगेच वसतिगृहाचा अर्ज, प्रवेशाच्या दिवशी सीडिंगची तपासणी, सत्र संपल्यावर हजेरीचा दाखला. टेबल_दोन, नूतनीकरणाच्या अर्जाला मागच्या वर्षाची गुणपत्रिका आली नसेल तर काय जोडायचं?

टेबल_दोन

निकाल राखीव असेल तर अर्ज भरू नका, आधी परीक्षा विभागाकडून निकाल मोकळा करून घ्या. निकाल लागलाय पण छापील गुणपत्रिका आली नसेल तर ऑनलाइन निकालाची प्रत प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह जोडा. एखाद-दोन विषय राहून वरच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल तर त्या प्रवेशाची पावतीही लावा, नाहीतर छाननीत 'अनुत्तीर्ण' समजून अर्ज परत येतो.

मावळवारा

पत्रकात घालतो. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकेन, चुका दाखवा.